दोर धरणारे पाळक : अँड्र्यू फुलर व त्यांचे स्नेही

विहिरीचा गाळ काढावयाचा असला म्हणजे एक गडी कमरेस दोर बांधून खालीं उतरतो, आणि कांठावर दोघेचौघे तो दोर धरून उभे राहतात. बुडाशीं काय सांपडलें याची चर्चा पुढें गांवभर होते. कांठावर उभे राहून ज्यांचे तळहात सोलून निघाले त्यांची आठवण फारशी कोणास राहत नाहीं. डॉ. विल्यम केरी हें नांव आमच्या मंडळ्यांत ज्याच्या कानीं गेलें नाहीं असा मनुष्य विरळा. बंगालमधील श्रीरामपूर येथें (आपल्या महाराष्ट्रांतील श्रीरामपूर नव्हे) राहून त्यांनीं अनेक भाषांत पवित्र शास्त्र छापविलें. पंडित वैजनाथ यांचें साहाय्य घेऊन केलेलें मराठी व्याकरण 1805 सालीं, मराठी कोश 1810 सालीं आणि मराठी नवा करार 1811 सालीं त्यांच्या छापखान्यांतून बाहेर पडला. परंतु इंग्लंडांत बसून केरीसाहेबांचा दोर ज्यांनीं बावीस वर्षें हातचा सोडला नाहीं, त्या अँड्र्यू फुलर यांची ओळख आपल्यांपैकीं थोड्यांसच असेल. ते एका लहान गांवच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. हें काम त्यांना एकट्याला कधींच साधलें नसतें, व त्यांनीं तें एकट्यानें केलेंहि नाहीं. म्हणून त्यांच्या चरित्रांत त्यांच्या स्नेह्यांचेंहि थोडथोडें चरित्र येणार, त्याला उपाय नाहीं.

फुलर यांचा जन्म 6 फेब्रुवारी 1754 रोजीं केंब्रिजशायर परगण्यांतील विकेन या खेड्यांत झाला. आईबाप दुसऱ्याची जमीन खंडानें घेऊन गाई पाळीत व दूधदुभत्यावर संसार चालवीत. मुलगा लहान असतांनाच कुटुंब जवळच्या सोअम गांवीं राहावयास गेलें. शाळेंतील शिक्षण बेताचेंच झालें. अंग मात्र धिप्पाड. त्यांना कुस्तीचा मोठा नाद होता. पुढें नांवाजलेले पाळक झाल्यावरहि एखादा भरदार मनुष्य समोर आला कीं, याच्याशीं गांठ पडली तर कोण कोणाला चीत करील, असा हिशेब त्यांच्या मनांत आपोआप चाले, असें ते स्वतःच कबूल करीत.

सोअम येथील बॅप्टिस्ट मंडळीच्या पाळकांचें मत असें होतें कीं, देवानें ज्यांस निवडलें त्यांसच विश्वासाचें दान मिळतें. तेव्हां पश्चात्ताप करा व ख्रिस्ताकडे या, असें अविश्वासी लोकांस सांगणें हें उपदेशकाचें काम नव्हे. या शिकवणीमुळें पापाच्या जाणिवेनें व्याकुळ झालेल्या त्या मुलाला, आपणांस ख्रिस्ताकडे जाण्याचा हक्क तरी आहे कीं नाहीं, हेंच कळेना. दर रविवारीं तो उपदेश ऐके, पण त्याला कोणी बोलावीतच नसे. शेवटीं 1769 च्या नोव्हेंबरांत, बोलावणें नसतां राजासमोर गेलेल्या एस्तेर राणीची गोष्ट त्याच्या मनांत आली, आणि जीव गेला तरी बेहत्तर असा निश्चय करून त्यानें आपणांस ख्रिस्ताच्या हातीं दिलें. पुढच्या एप्रिलांत त्याचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यास वर्ष होतें न होतें तोंच मंडळींत वाद पेटला. एक सभासद दारू पिऊन झिंगलेला आढळला. फुलर यांचें वय तेव्हां 16. तरी त्यांनीं त्याच्याकडे जाऊन त्याची कानउघाडणी केली. त्यानें उत्तर दिलें कीं, आपणांस आवरणें आपल्या हातीं नाहीं. या उत्तरावरून मनुष्यास देवाची आज्ञा पाळण्याचें सामर्थ्य आहे कीं नाहीं असा प्रश्न निघाला, मंडळींत फळ्या पडल्या, आणि 1771 सालीं पाळक सोडून गेले. फुलर पुढें म्हणत कीं, आपल्या आयुष्यांतील अतिशय कडू असा हा प्रसंग होता व त्यांतूनच आपण विचार करावयास शिकलों. त्या दिवसांत त्यांना आधार दिला तो जोसेफ डायव्हर नांवाच्या गृहस्थांनीं. त्यांचाहि बाप्तिस्मा फुलर यांच्याबरोबरच झाला होता, पण वय सुमारें 40. सोळासतरा वर्षांचा पोर आणि चाळिशीचा प्रौढ मनुष्य शास्त्र उघडून तासन् तास बोलत बसत. पाळकावांचून पोरक्या झालेल्या मंडळींत फुलर हळूहळू उपदेश करूं लागले, आणि 3 मे 1775 रोजीं, वयाच्या 21 व्या वर्षीं, त्याच मंडळीनें त्यांना पाळक नेमिलें.

बॅप्टिस्ट मंडळ्यांची रीत येथें सांगितली पाहिजे, नाहीं तर पुढील गोष्टींचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. त्यांच्यांत बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपला पाळक आपण निवडते, आपला पैसा आपण जमविते व आपला कारभार आपण पाहते. यांत स्वातंत्र्य पुष्कळ आहे. पण पाळक मात्र अगदीं एकाकी पडतो. चुकला तर सांवरणारा नाहीं, खचला तर विचारणारा नाहीं. या एकाकीपणावर तोड म्हणून आसपासच्या मंडळ्या आपखुशीनें संघ करीत. नॉर्थॅम्प्टनशायरच्या संघाची वार्षिक सभा पेंटेकॉस्टच्या आठवड्यांत दोन दिवस भरे. प्रत्येक मंडळीचें पत्र वाचलें जाई, उपदेश होत, व शेवटीं सर्व मंडळ्यांस एक छापील पत्र जाई. त्या संघास कोणावरहि हुकूम चालविण्याचा अधिकार नव्हता. सोअमची मंडळी 1775 सालीं या संघांत आली.

फुलर यांच्या दीक्षाविधीस आर्न्झबीचे वृद्ध पाळक रॉबर्ट हॉल आले होते. या तरुणाच्या मनांतील घोळ ओळखून त्यांनीं, मनुष्याच्या इच्छेविषयीं एडवर्ड्झ यांनीं लिहिलेला ग्रंथ वाचा, असें सुचविलें. फुलर यांना ग्रंथकारांची माहिती नव्हती. त्यांनीं केंब्रिजच्या जॉन एडवर्ड्झ यांचें पुस्तक मिळवून मन लावून वाचलें. पुस्तक चांगलें होतें, पण हॉल यांनीं एवढी शिफारस कां करावी हें त्यांना उमगेना. आपण भलत्याच एडवर्ड्झचें पुस्तक वाचलें, हॉल यांच्या मनांत होते ते अमेरिकेचे जोनाथन एडवर्ड्झ, हें त्यांना दोन वर्षांनीं, 1777 सालीं कळलें. जवळ विचारावयास कोणी असता तर ही चूक दोन दिवसांत उमगली असती. खेड्यांत एकट्यानें काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस याचें नवल वाटणार नाहीं.

1776 सालीं फुलर यांना दोन मित्र मिळाले. एक ओल्नी गांवचे पाळक जॉन सटक्लिफ, आणि दुसरे नॉर्थॅम्प्टनचे जॉन रायलंड. तिघांच्या वयांत दोन वर्षांचेंहि अंतर नव्हतें. रायलंड हे पाळकाचे पुत्र, लहानपणींच हिब्रू भाषा शिकलेले, पुस्तकांत रमणारे. सटक्लिफ यॉर्कशायरकडचे, शांत, दूरवर पाहणारे, कोणास दुखवून न बोलणारे. फुलर गवळ्याचे पुत्र. बोलणें रोखठोक, कधीं कधीं खरबरीत. सोअमपासून हे दोघे 60-70 मैलांवर, त्यामुळें भेटी क्वचित्. पण जेव्हां भेटले तेव्हां असें दिसून आलें कीं, सुवार्ता सर्वांस मोकळ्या तोंडानें सांगितली पाहिजे, या मतास तिघेहि एकमेकांशीं न बोलतां, आपापल्या गांवीं बसून येऊन पोहोंचले होते. आपण एकटेच वेडे नाहीं, हें कळल्यानें माणसाला केवढें बळ येतें! पत्रांवर पत्रें सुरू झालीं तीं मरेपर्यंत थांबलीं नाहींत.

सोअम येथें फुलर यांना वर्षाकाठीं 13 पौंडांहून अधिक कधीं मिळालें नाहीं. 1776 च्या डिसेंबरांत त्यांचें सारा गार्डिनर यांच्याशीं लग्न झालें. मुलेंबाळें होऊं लागलीं. त्यांनीं लहानसें दुकान काढलें, तें चाललें नाहीं. शाळा काढली, तीहि चालली नाहीं. इतक्यांत केटरिंगच्या मंडळीचें बोलावणें आलें. दुसरा कोणी असता तर त्याच दिवशीं सामान बांधता. फुलर यांनीं जवळजवळ दोन वर्षें मनाशीं झगडून काढलीं. आपण पगारासाठीं कळप सोडून जातों कीं काय, हा कांटा त्यांना सलत होता. शेवटीं त्यांनीं आपला प्रश्न संघांतील पाळकांपुढें मांडला व त्यांचा सल्ला घेतला. 1782 च्या ऑक्टोबरांत ते केटरिंगला गेले. आतां नॉर्थॅम्प्टन 14-15 मैलांवर आलें, आणि ओल्नीहि घोड्यावरून एका दिवसाच्या टप्प्यांत.

यानंतरचीं दहा वर्षें बाहेरून पाहतां अगदीं साधीं. पण माझ्या मतें या चरित्राचा गाभा तेथेंच आहे. हे पाळक वर्षांतून अनेकदां जमत, उपास व प्रार्थना करीत, आणि मग एखादा प्रश्न घेऊन मन उघडें करून बोलत. 1785 च्या सप्टेंबर अखेरीस नॉर्थॅम्प्टन येथें असेच जमले असतां फुलर, सटक्लिफ व आणखी एकांचे उपदेश झाले. फुलर यांनीं रोजनिशींत नोंद केली आहे कीं, दिवसाचा उत्तम भाग उपदेशांत नव्हता, नंतरच्या बोलण्यांत होता. प्रश्न असा निघाला कीं, पाळकांच्या कामाला यश येत नाहीं याचीं कारणें पाळकांत कोणतीं. लोकांचीं कारणें सांगणें सोपें असतें. येथें प्रत्येकानें स्वतःकडे बोट दाखविलें. एकांतांतील प्रार्थनेंत आपण आळशी झालों आहों. शास्त्र आपण आपल्या आत्म्याच्या पोषणाकरितां न वाचतां रविवारीं लोकांस काय सांगावें एवढ्यापुरतें वाचतों, असें त्यांनीं एकमेकांपुढें कबूल केलें. एका पाळकानें दुसऱ्या पाळकापुढें असें बोलणें किती कठीण असतें, हें ज्यानें या कामांत चार वर्षें काढलीं आहेत त्याला विचारावें.

त्याआधीं एक वर्ष, 1784 सालीं, रायलंड यांना स्कॉटलंडच्या डॉ. जॉन अर्स्किन यांजकडून जोनाथन एडवर्ड्झ यांचें एक जुनें लहान पुस्तक आलें. साऱ्या जगांत देवाचें राज्य पसरावें म्हणून मंडळ्यांनीं एकजुटीनें प्रार्थना करावी, असा त्याचा विषय. रायलंड यांनीं तें आपल्या कपाटांत ठेविलें नाहीं. वाचून फुलर व सटक्लिफ यांजकडे धाडलें. त्याच जूनमध्यें नॉटिंगहॅमच्या संघसभेंत सटक्लिफ यांनीं सूचना मांडली कीं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं संध्याकाळीं प्रत्येक मंडळीनें एक तास या प्रार्थनेसाठीं जमावें, व ती केवळ आपल्या पंथापुरती नसावी. सूचना मान्य झाली. पुढें जें कांहीं घडलें त्याचें मूळ या सोमवारांत आहे. आठ वर्षें हे लोक नुसती प्रार्थनाच करीत होते. 1785 सालीं फुलर यांनीं आपलें मत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें: सुवार्ता ऐकणाऱ्या प्रत्येकाचें विश्वास ठेवणें हें कर्तव्य आहे, म्हणून ती प्रत्येकाला सांगितली पाहिजे. त्यावर दोन्ही बाजूंनीं टीकेचा भडिमार झाला. त्या वादाच्या खोलांत मी शिरत नाहीं.

याच मित्रमंडळींत केरी वाढले. 5 ऑक्टोबर 1783 रोजीं रायलंड यांनीं नॉर्थॅम्प्टन येथें नेन नदींत जोडे शिवणाऱ्या एका तरुणास बाप्तिस्मा दिला, तेच हे. सटक्लिफ यांनीं त्यांस आपल्या मंडळींत घेतलें, पुस्तकें दिलीं, लॅटिन शिकण्यास मदत केली. केटरिंगच्या मंडळींतील टॉमस गॉच हे चामड्याचे व्यापारी. केरी त्यांचे जोडे शिवीत. अभ्यास व्हावा म्हणून गॉच यांनीं त्यांना आठवड्यास 10 शिलिंग देऊं करून जोड्यांच्या कामांतून मोकळें केलें असें सांगतात. 1 ऑगस्ट 1787 रोजीं मोल्टन येथें केरी यांचा दीक्षाविधि झाला, तेव्हां रायलंड, सटक्लिफ व फुलर हे तिघेहि तेथें होते.

मात्र परदेशीं सुवार्ता नेण्याची गोष्ट केरी काढूं लागले तेव्हां हेच मित्र कचरले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. 1791 सालीं क्लिप्स्टन येथील सभेंत फुलर यांनीं देवाच्या कामांत दिरंगाई करणें किती घातक आहे यावर मोठा परिणामकारक उपदेश केला. उपदेश संपल्यावर केरी यांनीं विचारलें कीं, मग आतांच कांहीं कां ठरवूं नये? आणि दिरंगाईवर बोलून नुकतेच खालीं बसलेले फुलर, इतर पाळकांबरोबर, आणखी विचार करूं या असें म्हणून मोकळे झाले! केरी यांना त्यांनीं आपलें म्हणणें लिहून काढावयास सांगितलें. तें पुस्तक 1792 सालीं निघालें. त्या मे महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅम येथें केरी यांनीं यशयाच्या 54 व्या अध्यायावर उपदेश केला. दुसऱ्या दिवशीं सारे पुन्हां तसेच पांगूं लागले तेव्हां केरी यांनीं कळवळून फुलर यांना अडविलें. या खेपेस फुलर थांबले, आणि पुढील सभेंत संस्थेची योजना मांडावयाची असें ठरलें.

हा ठराव झाला आणि फुलर यांच्या घरावर काळोख पसरला. त्यांच्या अकरा मुलांपैकीं आठ लहानपणींच गेलीं. त्यांत सहा वर्षांची सारा 1786 सालीं गेली, तो घाव ओलाच होता. 1792 च्या उन्हाळ्यांत गरोदर पत्नीच्या बुद्धीस भ्रम झाला. आपलें घर तिला आपलें वाटेना. नवऱ्याला ती ओळखीना. घरांतून निघून जाण्यासाठीं धडपडे, म्हणून दारांस कुलपें लावावीं लागत. 23 ऑगस्ट रोजीं, प्रसूतीनंतर लवकरच, ती वारली. राहेलीनें मरतांना आपल्या मुलाला बेनोनी म्हटलें होतें, त्यावरून फुलर यांनीं त्या तान्ह्या मुलीचें नांव बाथोनी, म्हणजे माझ्या दुःखाची कन्या, असें ठेविलें. सुमारें तीन आठवड्यांनीं तीहि गेली.

आणि 2 ऑक्टोबरला सभा फुलर यांच्याच गांवीं भरावयाची होती. त्यांनीं ती पुढें ढकलली नाहीं. केटरिंग येथील वॉलिस नांवाच्या एका विधवा बाईंच्या घराच्या मागच्या खोलींत चौदा जण बसले. बहुतेक खेड्यापाड्यांचे गरीब पाळक. बर्मिंगहॅमहून 26 वर्षांचे सॅम्युएल पियर्स आले होते. प्रत्येकानें आपली वर्गणी कागदावर लिहिली. ते कागद फुलर यांच्या तपकिरीच्या डबींत गोळा केले, व तिच्यावर पौलाच्या परिवर्तनाचें चित्र होतें, असें सांगतात. बेरीज 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स झाली. सोअमला फुलर यांना वर्षाला मिळत होते जवळजवळ तेवढेच! एवढ्या भांडवलावर बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली आणि फुलर तिचे चिटणीस झाले.

9 जानेवारी 1793 रोजीं हिंदुस्थानांत जाण्यास केरी तयार झाले. त्या प्रसंगाविषयीं फुलर पुढें जें सांगत त्यावरून आरंभींचा दोराचा दाखला मी घेतला आहे. ते म्हणत कीं, आम्ही एका खोल, अज्ञात खाणीच्या तोंडाशीं उभे होतों. केरी खालीं उतरावयास राजी झाले, पण उतरण्यापूर्वीं त्यांनीं आम्हां प्रत्येकाकडून जिवांत जीव आहे तोंवर दोर न सोडण्याचें वचन घेतलें. वचन देणारे फुलर, सटक्लिफ, रायलंड, पियर्स असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

दोराला पहिला हिसका लागलीच बसला. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता म्हणून 1793 च्या मे महिन्यांत केरी व त्यांचे सोबती टॉमस यांना जहाजावरून उतरवून दिलें. केरी यांची पत्नी मागेंच राहिली होती. ती आतां बरोबर यावयास तयार झाली, पण साऱ्या कुटुंबाच्या भाड्याला पैसा नव्हता. दोघे तांतडीनें नॉर्थॅम्प्टनला रायलंड यांच्या दारीं गेले. रायलंड यांच्याजवळ संस्थेची शिल्लक अगदीं थोडी. पण यॉर्कशायरच्या मंडळ्यांतून जॉन फॉसेट यांनीं जमवून धाडलेली 200 पौंडांची हुंडी नुकतीच आली होती. हे फॉसेट म्हणजे सटक्लिफ यांचे जुने गुरु, आणि बंधुप्रीतीच्या बंधनावर प्रसिद्ध गीत रचणारे पाळक. रायलंड यांनीं ती हुंडी दिली, बाकीच्या रकमेसाठीं लंडनच्या ओळखीच्या पाळकांस चिठ्ठ्या दिल्या, आणि 13 जून रोजीं केरी सहकुटुंब एका डॅनिश जहाजावरून निघाले. त्यांचें पहिलें पत्र येण्यास वर्षाहून अधिक काळ लागला.

पुढील बावीस वर्षें फुलर यांनीं काय केलें? केटरिंगची मंडळी संभाळली, आणि उरलेल्या वेळांत, म्हणजे झोपेच्या वेळांत, चिटणिसाचें काम केलें. लंडनच्या गल्ल्यांतून घरोघर फिरून वर्गणी मागितली. पुष्कळ ठिकाणीं त्यांचा असा अपमान होई कीं, ते आडगल्लींत जाऊन अश्रु पुसून पुन्हां पुढच्या दारीं जात, असें सांगतात. स्कॉटलंडांत पांच वेळां व आयर्लंडांत एकदां प्रवास केला. मिशनऱ्यांविरुद्ध कंपनीच्या लोकांनीं इंग्लंडांत काहूर उठविलें तेव्हां 1808 सालीं त्यांच्या बचावाचें पुस्तक लिहिलें. अमेरिकेच्या दोन विद्यालयांनीं त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. त्यांनीं ती कधीं नांवापुढें लाविली नाहीं. घरचें दुःख संपलें होतें असें नाहीं. 1794 सालीं ॲन कोल्स यांच्याशीं दुसरा विवाह होऊन संसार सांवरला. पण थोरला मुलगा रॉबर्ट बिघडला, कोठेंच टिकेना, पलटणींत व आरमारांत भरकटत 1809 सालीं समुद्रावरच वारला. लोकांच्या मुलांस उपदेश करणाऱ्या बापाला हें दुःख कसें वाटलें असेल!

पियर्स यांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. त्यांचा जीव हिंदुस्थानाकडे ओढत होता. 1794 सालीं त्यांनीं मित्रांना सांगितलें कीं, मला पाठवा. त्यांनीं महिनाभर दर आठवड्यास एक दिवस उपास करून रोजनिशी लिहिली व ती मित्रांपुढें ठेविली, आणि निर्णय त्यांच्यावर सोंपविला. नोव्हेंबरांत नॉर्थॅम्प्टन येथें सारे जमले, आणि त्यांनीं नको म्हटलें. इंग्लंडांतच त्यांची अधिक गरज आहे असें त्यांचें मत पडलें. पियर्स यांनीं तें निमूट मान्य केलें व बर्मिंगहॅमला परत जाऊन दुप्पट जोमानें काम केलें. नको म्हणणाऱ्यांस तें सोपें गेलें असेल असें मला वाटत नाहीं. पांच वर्षांनीं, 10 ऑक्टोबर 1799 रोजीं, क्षयानें त्यांचा अंत झाला, वय 33. फुलर तेव्हां वर्गणीसाठीं स्कॉटलंडांत होते. बातमी कळतांच योनाथानासाठीं शोक करणाऱ्या दाविदाचे शब्द त्यांच्या तोंडीं आले. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं पियर्स यांचें चरित्र लिहिलें, आणि त्याचें उत्पन्न त्या विधवेच्या व मुलांच्या उपयोगीं पडावें अशी व्यवस्था केली.

या मित्रांचें सर्व गोष्टींत एकमत होतें असें कोणीं समजूं नये. प्रभुभोजनाच्या प्रश्नावर फुलर व रायलंड यांचा उभा विरोध होता. बाळपणीं बाप्तिस्मा झालेल्या, परंतु खऱ्या विश्वासी अशा इतर मंडळ्यांच्या लोकांस आपल्या मेजावर घ्यावें, असें रायलंड म्हणत. फुलर म्हणत, घेऊं नये. हा भेद पुस्तकी नव्हता. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं 1805 सालीं मेज सर्व विश्वासणाऱ्यांस खुलें केलें. फुलर यांनीं पत्रांवर पत्रें लिहून विरोध केला. 1811 सालीं त्यांनीं तें पुन्हां बंद केलें. विल्यम वॉर्ड यांना त्याचें फार वाईट वाटलें. या बाबतींत फुलर यांनीं आपल्या शब्दाचें वजन जरा अधिकच टाकलें असें मला वाटतें. वाचकांपैकीं कोणाचें मत निराळें असेल. पण रायलंड व फुलर यांनीं एकमेकांस उघडपणें, स्पष्ट शब्दांत विरोध केला, आणि एका दिवसासाठींहि पत्रव्यवहार थांबविला नाहीं. एवढ्याशा मतभेदावरून ज्यांच्या घरीं जाणें बंद झालें, असे शेजारशेजारचे उपदेशक कोणत्या तालुक्यांत नाहींत?

11 मार्च 1812 रोजीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. अनेक भाषांचे खिळे, कागद आणि वर्षानुवर्षें खपून तयार केलेलीं हस्तलिखितें जळालीं. नुकसान सुमारें 10,000 पौंडांचें. सप्टेंबरांत बातमी इंग्लंडांत पोहोंचली. वीस वर्षांपूर्वीं 13 पौंडांपासून निघालेल्या चिटणिसानें व त्याच्या मित्रांनीं सुमारें 50 दिवसांत तेवढी सारी रक्कम उभी केली. शेवटीं, आतां पुरे, असें लोकांस कळवावें लागलें. बॅप्टिस्टांखेरीज इतर मंडळ्यांनींहि हातभार लाविला.

22 जून 1814 रोजीं सटक्लिफ वारले. ओल्नी येथें आपल्या घरीं ठेवून त्यांनीं हिंदुस्थानासाठीं तरुण तयार केले होते. जॉन चेंबरलेन हे त्यांपैकींच एक. अंत्यविधीचा उपदेश फुलर यांनीं केला. तेव्हां त्यांची स्वतःची प्रकृतीहि ढासळली होती. पुढील एप्रिलच्या 28 तारखेस त्यांनीं अंथरुणावरून रायलंड यांना शेवटचें पत्र धाडलें. मन शांत आहे, आनंदाच्या उकळ्याहि नाहींत व निराशाहि नाहीं, ज्या कृपेविषयीं उपदेश केला तीच आपला सारा आधार आहे, असा त्याचा आशय होता; आणि आपल्या अंत्यविधीचा उपदेश तुम्हींच करावा अशी विनंति होती. 7 मे 1815, रविवार. घर उपासनामंदिराला लागूनच. मंडळीच्या गाण्याचा आवाज त्यांच्या खोलींत येत होता. उपासना चालू असतांनाच्या सुमारास त्यांनीं प्राण सोडला. वय 61. केटरिंगची ती मंडळी आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

रायलंड यांनीं रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायावर उपदेश केला. आपला सर्वांत जुना, सर्वांत निकटचा मित्र गेला असें त्यांनीं सांगितलें, आणि प्रभुभोजनाच्या बाबतींत आमचें जमत नसे, पण त्यानें स्नेहास कधीं तडा गेला नाहीं, हेंहि सर्वांसमक्ष सांगितलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं फुलर यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. दोर धरणाऱ्या पहिल्या मित्रांपैकीं आतां ते एकटेच उरले होते. 25 मे 1825 रोजीं तेहि गेले.

सोसायटीचा कारभार नव्या मंडळींच्या हातीं आला. ते वाईट नव्हते. सोसायटीला पूर्वींपेक्षां पैसा अधिक होता, नियम अधिक होते, कचेरी होती. परंतु केरी यांच्याबरोबर एका खोलींत बसून ज्यांनीं उपास केला होता, असा त्यांच्यांत कोणी नव्हता. श्रीरामपूरचीं घरें व जमिनी कोणाच्या नांवें, हिशेब कोणाला द्यावयाचा, यावरून पत्रें कडू होत गेलीं. 1827 सालीं श्रीरामपूर व सोसायटी यांची फारकत झाली. 9 जून 1834 रोजीं केरीसाहेब वारले. दोन्ही बाजू पुन्हां एक झाल्या त्या 1837 च्या डिसेंबरांत. त्यांना जाऊन तेव्हां साडेतीन वर्षें झालीं होतीं.